एक्केचाळीस नंबरची चकती

दुपारी पावणेतीनच्या सुमारास गॅसवर चहाचं आधण ठेवून मी टेबलाशी परत आले, फाइलचं पुढचं पान उलटलं आणि समोर बाबांची सही आली. माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच. पहिलं अक्षर ऐटीत मोठं, पुढची सगळी त्याच्यामागे गर्दी करून उभी, आणि खाली ओढलेली एक रेघ, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या सह्या मी बँकेच्या कागदांवर पाहिल्यात, घराच्या कागदांवर पाहिल्यात, दर वेळी काही छातीत धस्स होत नाही. पण ही सही एका अपघाताच्या चौकशीत, एका जबाबाखाली होती, आणि त्या चौकशीत बाबांना बोलावलं होतं हे माझ्या अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. सहीच्या वर टाइप केलेल्या दोन ओळी. प्रश्न : शेपटीच्या भागात काम करताना आपण आरसा वापरला होता काय? उत्तर : नाही. बस्स, एवढंच. त्या ‘नाही’कडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे, कारण आतून आईनं हाक मारली तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि घरभर वास सुटला होता. आई ब्याऐंशीची आहे, दिसायला कमी दिसतं, पण नाक शाबूत. लक्ष कुठंय तुझं, म्हणाली. मी म्हटलं, कामात. ते खोटं नव्हतं.

माझं काम काय ते एकदा सांगून टाकते, कारण ते कुणाला चटकन कळत नाही आणि मग लोक भलतेच प्रश्न विचारतात. मी जुन्या लष्करी विमानांचा पूर्वेतिहास शोधते. वैमानिकांचा नाही, त्यांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. विमानाचा. ते कारखान्यातून कधी बाहेर पडलं, कुठल्या तुकडीत गेलं, किती तास उडालं, कधी आपटलं, कुणी जोडलं, लष्करानं कधी मोडीत काढलं, मग कुठल्या शाळेच्या आवारात खांबावर चढलं, कुठल्या भंगारवाल्याकडे गवतात पडून राहिलं, आणि आज जो मालक छाती काढून त्याच्याशेजारी उभा आहे त्याच्यापर्यंत ते कुणाकुणाच्या हातांतून आलं. एकाची शेपटी दुसऱ्याला, दुसऱ्याचा पंख तिसऱ्याला, असे उद्योग इतके झालेले असतात की नंबराची पट्टी सोडली तर त्या विमानाचं स्वतःचं काय उरलंय हाच प्रश्न असतो. मी कागद जुळवते. दोन कागदांचं एकमेकांशी जमत नसेल तर तिसरा हुडकते. मी खवचट आहे असं आईचं म्हणणं, पण या कामाला खवचटपणा लागतो. गोड माणसाला कुणीही काहीही सांगून जातं.

हे विमान फरश्यांच्या एका कारखानदाराचं. शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं, दोघांना पुढेमागे बसायची जागा असलेलं, नाकाशी पंखा असलेलं साधं विमान. त्यानं ते भंगारातून उचललं, चार वर्षं खपून नवं करून घेतलं, आणि आता स्वतःच्या संग्रहालयात मधोमध मांडणार होता. दर दोन दिवसांनी फोन. मॅडम, तारखा-बिरखा ठीक आहेत हो, पण स्टोरी पाहिजे स्टोरी, बोर्डासमोर माणूस थांबला पाहिजे. आणि मी, माझं तोंड म्हणजे काय सांगावं, पहिल्याच आठवड्यात त्याला सांगून बसले होते की या विमानाला पन्नास वर्षांपूर्वी एक अपघात झाला होता, एक फिटर शेपटीत आरसा विसरला म्हणून, आणि तो फिटर कोण हे मला ठाऊक आहे, लहानपणी आमच्या समोरच राहायचा. तो नुसता उडालाच. नाव टाका मॅडम, पूर्ण नाव टाका, लोक नाव वाचायला येतात. मी मसुद्यात नाव टाकलं होतं. फाइल मागवली ती फक्त तारखेची खातरजमा करायला.

ते नाव शिट्टीकाकांचं. बाबा आणि ते विमानदुरुस्तीच्या एकाच हँगरमध्ये फिटर, एकाच दिवशी कामाला लागलेले, कामगारांच्या वसाहतीत आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. काका सतत शिट्टी वाजवायचे. जिना चढताना, दाढी करताना, बाबांशी भांडतानासुद्धा मध्येच. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी अर्धी त्यांच्याकडेच वाढले. काकू माझी वेणी घालायच्या, अशी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या, कारण आईचा हात ढिला. माझ्या आठव्या वाढदिवसाला काकांनी मला बाहुली करून दिली होती, सुट्या भागांच्या खोक्याच्या लाकडाची, आणि तिच्या खांद्यांत विमानाचे पत्रे जोडायच्या रिबिटी बसवल्या होत्या म्हणून तिचे हात गोल फिरायचे. असली बाहुली अख्ख्या वसाहतीत कुणाकडे नव्हती. बाबा असलं काही करणारे नव्हते. ते टापटिपीचे. माझ्या गृहपाठात चूक झाली तर खोडरबर वापरू द्यायचे नाहीत. आमच्या कामात नोंद पुसत नाहीत, म्हणायचे, एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं, तारीख घालायची आणि सही करायची. आठ वर्षांची मी गणिताच्या वहीत सह्या करत असे. शिस्तीचे होते, पण एक गोष्ट विचित्र होती. मी छत्री हरवली, घड्याळ हरवलं, कॉलेजात तर वर्षभराची पुस्तकं बसमध्ये विसरून आले, बाबा कधी एका शब्दानं बोलले नाहीत. जाऊ दे, वस्तूच ती, एवढंच म्हणायचे. मैत्रिणींना माझा हेवा वाटायचा.

त्या हँगरची एक पद्धत होती आणि सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. प्रत्येक फिटरकडे त्याचा नंबर ठोकलेल्या सहा पितळी चकत्या. हत्यारखान्याच्या खिडकीवर हत्यार मागायचं तर एक चकती आत द्यायची, आतला माणूस ती त्या हत्याराच्या रिकाम्या खिळ्याला अडकवायचा. हत्यार परत दिलं की चकती परत. पाळी संपताना फळ्यावर एकही चकती लटकता कामा नये. लटकत असेल तर हत्यार कुठल्यातरी विमानाच्या पोटात राहिलंय असं धरून चालायचं आणि ते मिळेपर्यंत एकही विमान जागचं हलवायचं नाही. चकती हरवली तर लेखी ताकीद. दुसऱ्याला वापरायला दिली तर देणारा आणि घेणारा दोघांचीही नोकरी जायची. बाबांचा नंबर सत्तावीस, काकांचा एक्केचाळीस. बाबांना चकती हरवल्याबद्दल एक ताकीद आधीच मिळालेली होती आणि महिन्याभरात तपासनीसाच्या जागेसाठी परीक्षा होती. हे मला नंतर, कागदांवरून कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की एका सकाळी एक विमान धावपट्टीच्या पलीकडच्या शेतात पडलं, आतला शिकाऊ मुलगा जगला पण त्याची कंबर कामातून गेली, शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या तारेच्या कप्पीत, आतले कानेकोपरे बघायचा लांब दांडीचा छोटा आरसा अडकलेला सापडला, आणि हत्यारखान्याच्या फळ्यावर आरशाच्या खिळ्याला एक्केचाळीस नंबरची चकती होती. तीन आठवड्यांनी काकांना काढून टाकलं. ते गेले त्या दिवशी ट्रकमध्ये सामान चढवताना त्यांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही, आणि काकूंनी जाता जाता माझी वेणी घातली, या वेळी सैल. बाबा त्या दिवशी कामावर होते. रविवार होता.

रविवार होता हे मला आत्ता, त्या फाइलवर वाकलेली असताना आठवलं. मी पुढचे-मागचे जबाब वाचून काढले. हत्यारखान्यातल्या माणसानं सांगितलं होतं की खिडकी छातीएवढ्या उंचीची, त्याला हात दिसतात, तोंडं दिसत नाहीत, तो नंबर बघतो. संध्याकाळी फळ्यावर एक्केचाळीस लटकलेली त्याला दिसली होती, पण एक्केचाळीस म्हणजे खात्रीचा माणूस, म्हणून त्यानं वहीत आरशापुढे ‘उद्या’ असं लिहिलं आणि दिवा मालवून घरी गेला. काकांचा जबाब अवघा पाऊण पान. चकती आपली आहे काय? होय. आरसा आपण घेतला होता काय? आठवत नाही. मग कुणी घेतला? आठवत नाही. आणखी काही सांगायचे आहे काय? आज नाही. हे ‘आज नाही’ टाइप करणाऱ्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं. बाबांचा जबाब त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. शेपटीचं काम आपण केलं? होय. आरसा वापरला? नाही. आणि खाली पट्टीनं मारल्यासारखी रेघ.

आता कुणीही म्हणेल की झालं गेलं, मिटव फाइल. मलाही तेच वाटत होतं. पण कामाची एक खोड असते, ती माणसाला गप्प बसू देत नाही. अपघाताच्या आदल्या दिवसाची तारीख माझ्या ओळखीची होती. माझ्या वाढदिवसानंतरचा बरोबर पाचवा दिवस, आणि ती तारीख मी आणखी कुठेतरी पाहिली होती. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मालकासाठी त्याच तळावरच्या दुसऱ्या विमानाचे कागद मी गोळा केले होते. कपाटातून गठ्ठा काढला. त्या दिवशी त्या विमानाचं इंजिन मैदानाच्या पार टोकाच्या शेडमध्ये सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत चालवून बघितलं होतं, दर अर्ध्या तासाला तापमान लिहायचं, लिहिणाऱ्यानं जागा सोडायची नाही, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच नंबर आणि एकच सही. एक्केचाळीस. एकोणीस ओळी, एकोणीस सह्या. प्रत्येक विमानाचे कागद वेगळ्या फायलीत जातात, वेगळ्या कपाटात जातात, त्यामुळे पन्नास वर्षांत हे दोन कागद कुणी एकमेकांशेजारी ठेवलेच नव्हते. ते मी माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवले. काका त्या दिवशी हत्यारखान्याकडे फिरकलेच नव्हते. त्यांची चकती कुणीतरी खिडकीत सरकवली होती, आणि शेपटीत काम करणारा माणूस एकच होता. महिनाअखेरच्या मोजणीचा कागदही फाइलला जोडलेला होता. सत्तावीस : चकत्या पाच, एक हरवली, दुसरी लेखी ताकीद.

एक हरवली. ती हरवली नव्हती. ती माझ्याकडे होती. वाढदिवसाच्याच दिवशी बाहुलीचा गळा उघडा वाटला मला. वसाहतीत एकदा पदकं वाटायचा समारंभ झाला होता आणि माझ्या बाहुलीनं काही कमी पराक्रम केलेले नव्हते. बाबांचा डगला खुंटीला होता, खिशात हात घातला तर गोल, गार, मधोमध भोक असलेली ती चकती, जणू गळ्यात घालण्यासाठीच केलेली. लाल दोऱ्यात ओवली. दोन दिवसांनी बाबांनी घर उलथंपालथं केलं. गाद्या उचलल्या, पिठाचा डबा ओतला, आईवर ओरडले, माझ्यावर ओरडले, तू पाहिलीस का, तू पाहिलीस का. मी बाहुलीला फ्रॉकच्या आत धरून उभी होते आणि नाही म्हणाले. त्याच सुरात, आता कळतंय, ज्या सुरात नंतर बाबा म्हणाले. मी उठून शिवणाच्या कपाटातून बटणांचा डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. चकती अजून तिथंच होती. लहानपणापासून मी ती तिथं बघत आले होते, मोठ्या कोटाच्या बटणांमध्ये एक पितळेची, आणि ती काय आहे हे मला माहीत होतं आणि एकदाही मी तिचा विचार केला नव्हता. दोरा नव्हता. दोरा कुणी काढला हा प्रश्न मला अठ्ठावन्नाव्या वर्षी पडला.

आई दारात उभी होती. बटणं सांडल्याचा आवाज तिला ऐकू गेला असणार. मी चकती तिच्या हातात दिली. तिनं डोळ्यांजवळ नेली नाही, बोटानंच नंबर चाचपला आणि खुर्चीवर बसली. मला वाटलं होतं की ती रडेल किंवा कानांवर हात ठेवेल. तसलं काही नाही. कधीतरी हे निघणारच होतं असा तिचा चेहरा होता. मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, बटणं गोळा करता करता. की चकती सापडेना तेव्हा बाबांनी चार दिवसांसाठी काकांकडून एक मागून घेतली. की खिडकीवर आरसा मागताना घाईत त्यांच्या तीच हाताला लागली, आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या पाच चकत्या मोजल्या, पाच भरल्या, आणि सहावी उसनी होती हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. की चौकशीत ते नाही म्हणून आले आणि रात्रभर बसून राहिले. चौकशीच्या शेवटच्या दिवशी पहाटे त्यांनी आईला उठवून सांगितलं, मी जाऊन खरं सांगतो, नोकरी गेली तर जाईल. कपडे केले, बूट घातले, नाड्या बांधल्या. आणि आई माझं पांघरूण सारखं करायला आली तर बाहुलीच्या गळ्यात चकती.

‘मी ती त्यांना नेऊन दाखवली,’ आई म्हणाली. ‘म्हटलं, तुम्हाला विचारतील, तुमची चकती कुठे गेली. काय सांगाल? तो पोरगा तिकडे दवाखान्यात पडलाय. जन्मभर लोक हिच्याकडे बोट दाखवतील. ते नुसते बसले. मग मी खाली बसले आणि त्यांचे बूट काढले. मीच नाड्या सोडल्या.’

मी काय बोलायला हवं होतं? मी बोलले ते बरं बोलले नाही. मी म्हटलं, आठ वर्षांच्या पोरीच्या नावावर तुम्ही दोघांनी एका माणसाचा संसार मोडलात. ती म्हणाली, तुझ्या नावावर नाही, तुझ्यासाठी. मी म्हटलं, मला विचारलं होतंत? मूर्खासारखा प्रश्न. मग आम्ही चार दिवस एकमेकींशी बोललो नाही, औषधाची वेळ आणि दार लाव याखेरीज. भिंतीवर बाबांचा फोटो आहे, तपासनीसाचा बिल्ला लावून घेतानाचा. आई रोज सकाळी त्याची काच पुसते. त्या चार दिवसांतही पुसली. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे. छत्री, घड्याळ, पुस्तकं. जाऊ दे, वस्तूच ती. दर वेळी त्यांनी हे म्हटलं तेव्हा त्यांना काय आठवत असेल? त्यांनी मला माफ केलं होतं की माझ्याकडे बघताना दर वेळी ती चकती दिसत होती? बत्तीस वर्षं नोकरी केली त्यांनी, चोख, एक खिळा इकडचा तिकडे नाही, निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषणात म्हटलं की यांच्या सहीवर आम्ही डोळे मिटून विमान उडवत होतो. बाबा त्या समारंभातून तडक घरी येऊन झोपले होते. आम्हाला वाटलं दमले. मधल्या काळात फरशीवाल्याचे फोन चालूच. मॅडम, बोर्ड रंगवायला द्यायचाय, नाव तेवढं नक्की करा. नाव. मी मसुदा उघडायचे आणि काकांचं नाव बघून मिटायचे. काहीच न लिहिणं सोपं होतं. ‘देखभालीतील त्रुटीमुळे अपघात’, असं लिहून मी हात झटकू शकले असते, बाबांचा फोटो भिंतीवर तसाच राहिला असता. पण फाइलीत काकांचं नाव राहणारच होतं. पुढचा कुणी शोधणारा ते काढणार आणि कुठल्यातरी बोर्डावर लावणार.

मी विमानं शोधून काढते, माणूस शोधायला दोन दिवस पुरले. काढून टाकल्यावर काकांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं काम धरलं होतं, तीन गावं बदलली होती, काकू गेल्या त्याला वीस वर्षं झाली होती, आणि आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या एका वसतिगृहात होते. माझ्याच शहरात, दोन बस बदलून. सकाळी अकराला गेले. पायऱ्या चढताना परत फिरावं असं दोनदा वाटलं. खोली अरुंद, खिडकीतून कपडे वाळत घातलेलं अंगण दिसत होतं. पलंगाशेजारी भिंतीवर एक फळी, तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांना चष्मा, नखं कापायचं, चमचा, कात्री, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं त्याची आकृती काढलेली. चष्म्याची आकृती रिकामी होती, चष्मा त्यांच्या नाकावर होता. छोटे झाले होते काका. दात नव्हते. मी बाबांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की तो आलाय का. मी म्हटलं, ते गेले, अकरा वर्षं झाली. त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले.

मी आणलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले. स्वतःच्या एकोणीस सह्या त्यांनी बोटानं एकेक करून मोजल्या. नवं काही वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मी विचारलं, काका, तुम्ही हा कागद दाखवला का नाहीत, नुसता हा दाखवला असतात तरी आरशाच्या ठपक्यातून सुटला असतात. ते म्हणाले की दाखवला असता तर मग चकती कुणाला दिली हे साहेबांनी मला विचारलं असतं, आणि ते सांगायचं काम माझं नव्हतं. ‘मी त्याला वेळ देत होतो गं,’ काका म्हणाले. ‘म्हटलं, आज नाही तर उद्या सांगेल. सामान ट्रकात चढलं तरी मला वाटत होतं की तो येईल. नोकरीचं एक वेळ सोड. पण तो नंतरही कधी आला नाही.’ हे म्हणताना त्यांचा आवाज तापला नाही आणि मला तेच सोसवेना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पर्समधून चकती काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. सत्तावीस. आणि सांगितलं. सगळं, खिसा, लाल दोरा, फ्रॉकच्या आत लपवलेली बाहुली, मी नाही म्हणाले ते. नाक गळत होतं, अठ्ठावन्न वर्षांची बाई आणि पोरीसारखी रडत होते. काका चकती या हातातून त्या हातात करत राहिले. खाली अंगणात कुणीतरी चादर झटकत होतं. मग त्यांनी विचारलं,

‘शोभली का तिला?’

मी म्हटलं, हो. खूप शोभली. त्यांनी मान डोलावली, बाहुली शेवटी त्यांच्याच हातची होती. थोड्या वेळानं मी त्यांना बुटांचं सांगितलं. शेवटच्या दिवशी पहाटे बाबा तयार झाले होते, बूट घातले होते, नाड्या बांधल्या होत्या, आणि मग चकती सापडली. काकांनी चष्मा काढला, तो त्याच्या आकृतीवर नीट अडकवला आणि विचारलं, बूट घातले होते? मी म्हटलं, हो. नाड्या बांधल्या होत्या? हो, काका. ‘म्हणजे निघाला होता,’ ते म्हणाले. मग आणखी दोनदा तेच म्हणाले, माझ्याशी नाही, स्वतःशी. निघताना मी विचारलं की बोर्डावर काय लिहू, तुम्ही सांगाल ते लिहीन. तर म्हणाले की माझं नाव खोड, पण त्याचं एकट्याचं लिहू नकोस, तो एकटा नव्हता. चकती त्यांनी ठेवून घेतली. मी दारातून वळून पाहिलं तेव्हा ते ती चष्म्याशेजारच्या मोकळ्या खिळ्याला अडकवत होते.

फरशीवाल्याला मी बसस्टॉपवरूनच फोन केला. नाव चुकीचं होतं, खरं चार ओळींचं आहे, लिहायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. थोडक्यात ऐकवलं. तो म्हणाला, मॅडम, ही तर खरी स्टोरी झाली. त्याचं चुकलं नव्हतं, मी पहिल्या आठवड्यात त्याच्यासारखीच बोलले होते. तरी त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याला काहीतरी फेकून मारलं असतं. बसमध्ये मी खिडकीशी बसून राहिले आणि माझा स्टॉप मागे गेला.

घरी आले तेव्हा आई टेबलाशी बसली होती, दिवा न लावता. मी दिवा लावला, मसुदा छापून घेतला आणि तिच्यासमोरच पेन घेऊन बसले. काकांच्या नावावर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं की एक्केचाळीस नंबरची चकती त्या दिवशी सत्तावीस नंबरच्या फिटरनं वापरली होती आणि आरसा त्याच्याकडून राहिला. बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. मग लिहिलं की सत्तावीसची स्वतःची चकती पाच दिवस आधी त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनं खिशातून घेतली होती आणि विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं होतं. माझं नाव लिहिलं, सही केली. आईला वाचून दाखवलं, कारण तिला दिसत नाही. ती ऐकत होती, हात मांडीवर. बाबांचं नाव आलं तेव्हा तिनं भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल, गेलेल्या माणसाचं कशाला, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तिनं विचारलं,

‘बुटांचं कुठाय?’

मी म्हटलं, बाबा निघाले होते हे मी लिहिणार आहे, तेवढं बाकी आहे. ती म्हणाली की निघाले होते एवढंच नको. ‘बूट मी काढले,’ आई म्हणाली. ‘तेही लिही. माझ्या नावानं लिही.’ मी लिहिलं, ती सांगत गेली तसं, तिच्याच शब्दांत. मग तिचं बोट धरून कागदावर जागा दाखवली आणि तिनं सही केली, मोठी, वाकडी, माझ्या सहीवर चढलेली. पेन माझ्याकडे देता देता थांबली आणि तारीख राहिली म्हणाली. तारीख कुठली घालू, त्या दिवसाची? मी म्हटलं, नाही, आजची घाल.